राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे घर व कुरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेक्सास हे एक अवाढव्य संस्थान आहे. त्याच्या राजधानीचे शहर ऑस्टिन. या शहरातून पश्चिमेची वाट धरली म्हणजे सपाट मुलूख मागे पडतो आणि चुनखडीच्या बुटक्या टेकड्यांचा प्रदेश लागतो. वरवर पाहता हा प्रदेश मोठा रमणीय दिसतो. सदाहरित ओक वृक्षांच्या राया, मधूनमधून वाहणारे स्वच्छ ओढे आणि वसंत ऋतूत रस्त्याच्या दुतर्फा पसरलेली निळी रानफुले पाहून प्रवाशाचे मन प्रसन्न होते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहणारास तेथील खरी स्थिती लवकरच कळून येते. मातीचा थर अगदी पातळ असून त्याखाली लगेच खडक लागतो. पाऊस बेभरवशाचा, कधी नद्यांना महापूर, तर कधी महिनेच्या महिने आकाश कोरडे.

ऑस्टिनपासून सुमारे ५० मैलांवर जॉन्सन सिटी नावाचे लहानसे गाव आहे. तेथून आणखी १४ मैल गेले म्हणजे स्टोनवॉल हे खेडे येते. या दोहोंच्या दरम्यान पेडरनेलिस नदीच्या आसपास अमेरिकेचे ३६ वे राष्ट्राध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन यांचे जन्मस्थान, पहिली शाळा, बालपणचे घर, गुरांचे कुरण व थडगे अशी सर्व स्थळे आहेत. थोर पुरुषांच्या आयुष्यातील स्थळे बहुधा दूरदूर विखुरलेली असतात. येथे मात्र पाळण्यापासून थडग्यापर्यंतचा मार्ग एका दिवसात पाहून होतो. १९६९ साली सरकारने ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित केली.

जॉन्सन सिटी हे नाव राष्ट्राध्यक्षांवरून पडले असावे असे पुष्कळांस वाटते, पण तसे नाही. लिंडनच्या जन्मापूर्वीच त्याच्या घराण्यातील एका आप्ताने हे गाव वसविले होते. लिंडनचे आजोबा व त्यांचे बंधू यांनी यादवी युद्धानंतर या भागात गुरांचा व्यापार आरंभिला. टेक्सासची गुरे कळपांनी हाकीत शेकडो मैल उत्तरेस कॅन्सस संस्थानातील रेल्वेच्या ठाण्यापर्यंत न्यावयाची व तेथे विकावयाची, असा तो धंदा होता. त्यात पैसा मिळाला तसाच तो गेलाही. त्यांचे लाकडी ओंडक्यांचे घर गावात जतन करून ठेविले आहे. दोन खोल्या व त्यांमध्ये वारा खेळता राहावा म्हणून मोकळी सोडलेली वाट, एवढाच त्याचा विस्तार.

लिंडनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी स्टोनवॉलजवळ नदीकाठच्या एका साध्या शेतघरात झाला. ते मूळ घर पुढे पाडले गेले. आज पाहुण्यांस दिसते ते घर जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्ष असताना, १९६४ साली, जुन्या घराच्या धर्तीवर नव्याने बांधविलेले आहे. अधिकारावर असताना स्वतःचे जन्मघर पुन्हा उभे करणारा दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत झाला नाही. याला कोणी हौस म्हणो, कोणी अहंकार म्हणो. या गृहस्थाच्या स्वभावात दोन्ही भरपूर होते.

वडील सॅम जॉन्सन हे टेक्सासच्या विधिमंडळाचे सभासद होते. गरिबांची कामे करावी, पण स्वतःसाठी काही मिळवू नये, अशी त्यांची वृत्ती होती. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या भीतीने भलेभले गप्प बसत, त्या काळात त्यांनी तिला उघड विरोध केला. आई रिबेका ही महाविद्यालयात शिकलेली. त्या रानमुलखात पदवीधर स्त्री विरळाच. गावातील मुलांना ती वक्तृत्वाचे पाठ देई व वर्तमानपत्रांसाठी लिहीही. पाच भावंडांत लिंडन सर्वांत वडील. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर एकेका सभासदास गाठून, त्याच्या अंगावर वाकून, आर्जवाने व धाकाने आपले म्हणणे त्याच्या गळी उतरविण्याची जी विलक्षण हातोटी त्यांच्या ठायी दिसली, तिचे मूळ वडिलांबरोबर प्रचाराला हिंडण्यात व आईच्या पाठांत शोधावे लागेल.

जन्मघरापासून जवळच एका खोलीची जंक्शन स्कूल नावाची शाळा आहे. लिंडन चार वर्षांचा असताना, म्हणजे १९१२ साली, तेथे जाऊ लागला. शिक्षिका केट डेड्रिक यांच्या मांडीवर बसल्याखेरीज हा मुलगा वाचीत नसे, अशी आठवण सांगतात. तो तेथे थोडेच महिने शिकला. पण या खोलीचे नाव पुढे पुन्हा घ्यावयाचे आहे.

१९१३ साली कुटुंब जॉन्सन सिटीत राहावयास आले. तेथील पांढऱ्या रंगाचे लाकडी घर १९२० च्या सुमारास होते तसे पुन्हा सजविले आहे. पाहुणा आत शिरला म्हणजे प्रथम जे नाही ते त्याच्या ध्यानात येते. दिव्याचे बटण नाही, पाण्याचा नळ नाही. रॉकेलचे दिवे, लाकडाची चूल, कपडे घासण्याचा फळा, आणि चुलीवर तापवून वापरावयाच्या लोखंडी इस्त्र्या. त्या मुलखातील घराघरांत बायका विहिरीतून पाणी शेंदून वाहून आणीत. त्यायोगे पुष्कळींच्या पाठी अकालीच वाकत. घराघरातील हे दृश्य लिंडनच्या मनात खोल रुजून राहिले असले पाहिजे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरात सॅम जॉन्सन यांनी वडिलार्जित जमीन भावंडांकडून चढ्या किंमतीस विकत घेतली व कुटुंब पुन्हा नदीकाठी नेले. लगेच कापूस कोसळला. शेत गेले, कर्ज मात्र राहिले, आणि मंडळी दुसऱ्यांदा जॉन्सन सिटीच्या घरात परतली. ज्या गावाने ज्यांचा मान राखला तेच गाव आता त्यांना उधार माल देण्यास कां-कूं करू लागले. वयाच्या चौदाव्या वर्षी हे पाहावे लागणे मोठे कठीण. राजकारणात पुढे लिंडन जॉन्सन यांच्या अंगी सत्तेची जी अनावर भूक दिसून आली, तिचा उगम या दिवसांत आहे असे अनेक चरित्रकार मानतात, व मलाही ते पटते.

१९२४ साली तो गावातील हायस्कुलातून उत्तीर्ण झाला. त्या वर्षीच्या वर्गात अवघी सहा मुले होती! आईचा आग्रह कॉलेजात जाण्याचा. मुलाने मात्र मित्रांबरोबर थेट कॅलिफोर्निया गाठले. तेथे बारीकसारीक कामे करून तो परत आला व रस्त्याच्या कामावर मजुरी करू लागला. उन्हातान्हात खडी ओढून झाल्यावर आईचे म्हणणे त्यास उमगले. १९२७ साली सॅन मार्कोस येथील शिक्षकांच्या महाविद्यालयात त्याने नाव घातले. पैसे अपुरे पडल्यामुळे १९२८–२९ हे वर्ष त्यास मध्येच नोकरी करावी लागली, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या चरित्रातील सर्वांत मोलाचे प्रकरण तेच होय.

नोकरी मिळाली ती टेक्सासच्या दक्षिणेस कोटुला या गावी, मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत. गोऱ्यांची शाळा वेगळी, यांची वेगळी. वीस वर्षांचा हा तरुण तेथे शिक्षक व मुख्याध्यापक असे दोन्ही होता. मुले बहुधा उपाशीपोटी येत. इंग्रजी त्यांना धड येत नसे, आणि इतरांच्या डोळ्यांतील तिरस्कार मात्र पुरता कळे. जॉन्सन यांनी पहिल्या पगारातून खेळाचे साहित्य आणिले, वादविवादाच्या सभा सुरू केल्या, आणि मुलांनी शाळेत इंग्रजीच बोलावे असा कडक नियम घातला. आजच्या दृष्टीने हा नियम मातृभाषेवर अन्याय करणारा होता. मास्तरांची कळकळ मात्र खरी होती. एक वर्षानंतर ते कॉलेजात परतले, पण ती मुले त्यांच्या स्मरणातून गेली नाहीत.

यानंतरची पायऱ्यांची चढण भराभर झाली. १९३१ साली ते एका लोकप्रतिनिधीचे चिटणीस होऊन वॉशिंग्टनला गेले. १९३४ साली क्लॉडिया टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लहानपणीच्या दाईने दिलेल्या लेडी बर्ड या लाडक्या नावानेच या बाई जगास ठाऊक आहेत. पतिपत्नी व पुढे दोन्ही कन्या यांच्या नावांची आद्याक्षरे एल. बी. जे. अशी एकच, इतकेच काय, घरच्या एका कुत्र्याचे नावही त्याच अक्षरांत बसविलेले होते. १९३७ साली प्रतिनिधिगृहाची पोटनिवडणूक लागली. बालपणच्या त्याच घराच्या ओसरीवर उभे राहून त्यांनी आपली उमेदवारी जाहीर केली, आणि ते निवडून आले. त्याच वर्षी वडील वारले.

प्रतिनिधी झाल्यावर त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे कार्य म्हणजे आपल्या मुलखात वीज आणणे. खाजगी कंपन्यांना विरळ वस्तीत तारा नेणे परवडत नव्हते. सरकारी कर्ज मिळावयाचे तर दर मैलास निदान तीन ग्राहक असावेत असा नियम, आणि येथे तितकी घरेच नव्हती. जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची गाठ घेऊन नियमास अपवाद करून घेतला. १९३८ साली शेतकऱ्यांची सहकारी वीज संस्था स्थापन झाली. १९३९ च्या अखेरीस तारांतून वीज खेळू लागली व जवळजवळ ३ हजार कुटुंबांच्या घरी दिवे लागण्याची सोय झाली. पाणी विजेच्या पंपाने चढू लागले, आणि बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले. हे कार्य युद्धाच्या वा राजवाड्याच्या गोष्टींइतके भव्य दिसत नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यास दोन ओळीही मिळत नाहीत. पण जॉन्सन यांनी दुसरे काही केले नसते तरी त्या टेकड्यांतील माणसांनी त्यांचे नाव काढले असते.

याच मनुष्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४८ साली सिनेटच्या उमेदवारीसाठी झालेल्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते अवघ्या ८७ मतांनी विजयी झाले. दक्षिण टेक्सासमधील एका मतपेटीत मतदानानंतर काही दिवसांनी दोनशेच्या वर मतांची भर पडली, व ती बहुतेक सर्व त्यांनाच मिळालेली निघाली! त्या मतांचा डाग त्यांच्या नावावरून पुसला गेला नाही. तसेच, कृष्णवर्णी लोकांना समान हक्क देणाऱ्या विधेयकांविरुद्ध त्यांनी पुष्कळ वर्षे मत दिले होते, हेही कागदोपत्री नमूद आहे.

आता त्यांच्या कुरणाकडे वळू. तिकडे यास रँच म्हणतात. स्टोनवॉलजवळ नदीकाठी त्यांच्या एका आत्याचे दगडी घर होते. नाताळात सारे आप्त तेथे जमत. पोर लिंडनही तेथे जाई. १९५१ साली त्यांनी ते घर व सुमारे २५० एकर जमीन आत्याकडून घेतली. पुढे कुरण वाढत २,७०० एकरांच्या आसपास गेले. तांबड्या अंगाची व पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड जातीची गुरे त्यांनी पाळली. १९५५ साली ते सिनेटमधील बहुमत पक्षाचे पुढारी असताना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. तेव्हा विश्रांतीसाठी ते येथेच येऊन राहिले.

उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने १९६१ साली ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले, व भारतातही येऊन गेले. त्याच दौऱ्यात कराचीच्या रस्त्यावर बशीर अहमद नावाच्या एका उंटगाडीवाल्याशी त्यांनी हस्तांदोलन केले आणि सवयीप्रमाणे त्यास आपल्या घरी येण्याचे बोलावणे दिले. वर्तमानपत्रांनी ते खरे मानून छापले. शब्द अंगाशी आला. पण जॉन्सन मागे हटले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो निरक्षर गाडीवान खरोखरीच अमेरिकेस गेला. त्यास उतरवून घेण्यास उपराष्ट्राध्यक्ष स्वतः हजर होते. कुरणावर त्याचा राजासारखा पाहुणचार झाला, आणि परतीच्या वाटेवर त्यास मक्केची यात्राही घडविण्यात आली.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, आणि तेथील धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातच जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हापासून हे दगडी घर टेक्सासचे व्हाइट हाउस म्हणून प्रसिद्धीस आले. आपल्या कारकिर्दीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांनी येथे घालविला. अंगणातील ओकच्या छायेत मंत्र्यांच्या बैठका भरत. जेवणाच्या मेजाखालीही टेलिफोन असे. आत तीन टेलिव्हिजन एकाच वेळी चालत. मोठ्या विमानास येथील धावपट्टी अपुरी, म्हणून एक लहान जेट विमान वापरीत. ते आजही घरापाशी उभे आहे. पाण्यात तरंगणारी एक निळी मोटार होती. तीत नवख्या पाहुण्यांस बसवून उतारावरून ती तळ्याकडे सोडावयाची, व ब्रेक निकामी झाले म्हणून ओरडावयाचे, हा यजमानांचा आवडता खेळ!

या थट्टामस्करीमागे केवढे काम चालले होते ते पाहावे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला व सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदेशीर ठरला. पूर्वी अशाच विधेयकांना विरोध करणाऱ्या या दक्षिणी पुढाऱ्याने आपल्याच प्रांतातील जुन्या मित्रांचा रोष पत्करून तो मंजूर करविला. १९६५ च्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्काविषयी संसदेपुढे बोलताना त्यांनी कोटुलाच्या मुलांची आठवण काढली, आणि ऑगस्टात तो कायदाही झाला. वृद्धांच्या औषधोपचाराची मेडिकेअर योजना त्याच वर्षीची.

त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी जंक्शन स्कूलच्या त्या एका खोलीसमोर मेज मांडले गेले. गरीब वस्तीतील शाळांना दरवर्षी १ अब्जाहून अधिक डॉलर देणारा शिक्षणविषयक कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी तेथे आणिला होता. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पहिली शिक्षिका केटबाई बसल्या होत्या, आणि समोर कोटुलाचे काही जुने विद्यार्थी उपस्थित होते.

आपल्या लोकांशी संबंध असलेल्या दोन गोष्टीही त्याच काळातील. १९६५ च्या ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी परदेशी लोकांच्या आगमनाविषयीच्या नव्या कायद्यावर सही केली. तोपर्यंत भारतीयांसाठी वर्षाला सुमारे १०० जणांची मर्यादा होती. ती उठल्यामुळेच पुढे शेकडो मराठी डॉक्टर व इंजिनियर तिकडे स्थायिक होऊ शकले, व अमेरिकेतील शहराशहरांतून महाराष्ट्र मंडळे उभी राहिली. दुसरी गोष्ट तितकी गोड नाही. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे भारतात पावसाने दगा दिला, आणि अमेरिकन गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची पाळी आपणांवर आली. जॉन्सन यांनी गहू पाठविला व पुष्कळ पाठविला. परंतु एकदम न देता, स्वतः लक्ष घालून, थोडा थोडा सोडला. भारताने शेतीची सुधारणा करावी हा त्यांचा एक हेतू होता. व्हिएतनामच्या युद्धावर आपल्या सरकारने केलेली टीका त्यांना झोंबली होती, हेही तितकेच खरे. भुकेल्या राष्ट्राशी असे वागणे उदारपणाचे म्हणता येणार नाही. इकडे १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन नव्या गव्हाचे बियाणे आणविले गेले, आणि काही वर्षांत ती जहाजे नकोशी झाली.

व्हिएतनामचे नाव निघाले की या चरित्राचा रंग पालटतो. जॉन्सन अधिकारावर आले तेव्हा त्या देशात सुमारे १६ हजार अमेरिकन सैनिक होते. १९६८ साली ती संख्या ५ लाखांच्या वर गेली. लक्षावधी व्हिएतनामी व हजारो अमेरिकन तरुण मारले गेले. हे युद्ध जिंकता येईल याविषयी त्यांच्या मनात आरंभापासून शंका होती, हे टेलिफोनवरील संभाषणांच्या मुद्रणांवरून पुढे उघड झाले. तरीही माघार घेतल्यास आपण दुबळे ठरू या भयाने ते पाऊल पुढेच टाकीत गेले. रात्री-बेरात्री उठून मृतांचे आकडे विचारीत. त्यांचे दोन्ही जावई त्या रणांगणावर जाऊन आले. गरिबी हटविण्यासाठी काढलेला पैसा युद्धाकडे वाहू लागला. १९६४ साली ६१ टक्के मते देऊन ज्यांनी त्यांस निवडले त्यांचीच मुले त्यांच्या दारापुढे निषेध करू लागली. ३१ मार्च १९६८ रोजी त्यांनी आपण पुन्हा निवडणुकीस उभे राहणार नाही असे जाहीर केले. ज्याने कोटुलाच्या उपाशी मुलांची भूक ओळखली, त्यास दूरदेशीच्या भातशेतांतील मुलांची आगीने होणारी दैना थांबविता येऊ नये, याचा उलगडा करणे मोठे कठीण आहे.

जानेवारी १९६९ मध्ये ते कुरणावर परतले. केस मानेवर रुळू लागले. सकाळी नोकरांची बैठक घेऊन कोंबड्यांनी अंडी किती घातली, पंप कोठे बिघडला, याची चौकशी ते राष्ट्राच्या कारभाराइतक्याच गंभीरपणे करीत. १९७१ साली ऑस्टिन येथे त्यांच्या कागदपत्रांचे ग्रंथालय उघडले. १९७२ च्या डिसेंबरात तेथे नागरी हक्कांविषयी परिषद भरली. डॉक्टरांचा विरोध असता ते गेले, आणि व्यासपीठावर छातीत कळ आली तेव्हा गोळी तोंडात टाकून त्यांनी भाषण पुरे केले. हे काम आपल्या हातून पुरेसे झाले नाही, असे त्यांनी तेथे कबूल केले. त्याच महिन्यात त्यांनी घर व कुरण राष्ट्राला अर्पण केले. अट एकच: ते निर्जीव स्मारक न होता तेथे गुरे पाळली जावीत.

२२ जानेवारी १९७३ रोजी दुपारी त्या घरातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. वय ६४ वर्षांचे होते. पाचच दिवसांनी पॅरिस येथे व्हिएतनामच्या युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या.

लेडी बर्ड त्यानंतर ३४ वर्षे हयात होत्या. महामार्गांच्या कडेची रानफुले जपण्याचा त्यांचा ध्यास सर्वश्रुत आहे. त्या २००७ साली वारल्या. पुढल्या वर्षी घर लोकांस पाहण्यासाठी खुले झाले. २०१८ साली इमारत कमकुवत झाल्याचे आढळल्यावरून ते दुरुस्तीकरिता बंद करावे लागले. जन्मघराजवळ, नदीच्या अंगास, दगडी भिंतीच्या आत जॉन्सन कुळाची दफनभूमी आहे. आईबाप, आजोबा-आजी यांच्या ओळीत पतिपत्नींची थडगी आहेत. शिळा साध्याच आहेत. भिंतीपलीकडच्या कुरणात जॉन्सन यांच्या कळपाच्या वंशातील तांबडी-पांढरी गुरे चरत असतात. घातलेल्या अटीप्रमाणे सरकारी नोकर त्यांची देखभाल करतात.